साप, पण कोणता?

गेल्या वर्षी श्रावण सरता सरता घडलेली ही गोष्ट आहे. पहिल्या तासाची घंटा नुकतीच झाली होती. पावसाची एक जोराची सर येऊन गेल्यामुळे वर्गाच्या उंबरठ्यापाशी मुलांच्या छत्र्यांचे पाणी साचले होते, आणि आम्ही हजेरीपट उघडून नावे घेण्याच्या बेतात होतो. इतक्यात राजोडीहून येणारा इयत्ता आठवीचा एक विद्यार्थी, बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा दोन्ही हातांनी उराशी धरून, मोठ्या ऐटीने आत आला. त्याने डबा आमच्या मेजावर ठेवला आणि झाकण काढले. आत केळीच्या पानाच्या तुकड्यावर एक हिरवागार साप वेटोळे करून निजविलेला होता. त्याचे डोके ठेचलेले होते.

“सर, टाळू फोडणारा साप!” तो म्हणाला. “काल सांजेला पानवेलीवर लोंबत होता. आजोबांनी एका काठीत लोळवला.”

वर्गाने टाळ्या वाजविल्या. आम्ही मात्र काही बोललो नाही. सर घाबरले, असे मुलांस वाटले असावे. मागच्या बाकावर थोडी खसखसही पिकली. आम्ही घाबरलो नव्हतो; आम्हांस लाज वाटली होती. तिचे कारण त्या दिवशी आमच्याने सांगवले नाही. ते आज ह्या पानांवर, आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या वडीलधाऱ्यांस, सांगण्याचे योजिले आहे.

आमचा जन्म राजोडीचाच. पश्चिमेस समुद्र व सुरूची झाडे, आणि त्यांच्या अलीकडे केळी, नारळ, पानवेली व मोगरा ह्यांच्या वाड्या, असे आमचे गाव. वाडीवाडीत बावखल असे. पावसाळ्यात ही बावखले तुडुंब भरत, आणि रात्री बेडकांच्या आवाजाने झोप लागणे कठीण होई. बेडूक तेथे साप, हा तर निसर्गाचा नियमच. दिवड तर आम्हांस जवळजवळ रोज दिसे. सकाळी पूर्वेकडे तोंड केले म्हणजे दूर तुंगारेश्वराचे निळे डोंगर दिसत. तेथे मोठे रान आहे आणि त्यात वाघ आहेत, असे आजी सांगत असे. वाघ आम्ही कधी पाहिले नाहीत. परंतु त्या रानातील एक प्राणी आमच्या वाडीतही राहत असे, हे पुष्कळ वर्षांनी कळले.

आजी फार श्रद्धाळू होती. संध्याकाळी रोझरी झाली की ती आम्हां मुलांस पवित्र शास्त्रातील गोष्टी सांगे. एदेन बागेतील सर्पाची गोष्ट सांगताना तिचा आवाज बदले. साप हा मनुष्याचा पहिला वैरी आहे व त्याचे डोके ठेचणे हे माणसाचे कामच आहे, असा तिचा ठाम समज होता. ह्या समजुतीस गावच्या अनुभवाचीही जोड होती. आम्ही नऊ वर्षांचे असताना, भात कापणीच्या दिवसांत, आमच्या शेजारणीस घोणस चावली. पेंढीखाली हात घातला आणि काम झाले. त्या काळी वाहने थोडी, रस्ते वाईट. तिला इस्पितळात पोचविण्यात फार वेळ गेला आणि दुसऱ्या दिवशी तिचे शव घरी आले. तिचा धाकटा मुलगा आमच्या वर्गात होता. त्यानंतर आमच्या वाडीत एकच कायदा चालू लागला : साप दिसला की ठेचावयाचा. कोणता साप, हे कोणी विचारीत नसे. साप तो साप!

पुढील वर्षी, पावसाळ्याच्या अखेरीस, आम्ही मोगऱ्याच्या कळ्या खुडीत असताना जवळच्या जास्वंदीच्या फांदीवरील एक वेल आम्हांस किंचित हललेली दिसली. वारा तर पडलेला होता. निरखून पाहिले तो त्या वेलीस डोळे होते! आम्ही हाक मारली नाही, पळालो नाही. कुंपणाची काठी उपटून घेतली आणि दोन तडाखे दिले. वडिलांनी पाठ थोपटली. काकांनी तो साप काठीवर टांगून शेजारच्या तीन वाड्यांत मिरविला, आणि दहा वर्षांच्या पोराच्या धैर्याचे सर्वांनी कौतुक केले. मिरवणूक अंगणात परत आली तेव्हा सापाचे पोट एका बाजूस फाटलेले दिसले. त्यातून सुतळीएवढी बारीक, हिरवी अशी पिले अंगणात पडली. आम्ही मोजली; ती सात होती. त्यांतील एक अजून वळवळत होते.

आजीने पदर तोंडास लावला आणि ती एक शब्दही न बोलता आत निघून गेली. वडिलांनी फावड्याने सर्व उचलून माडाच्या आळ्यात पुरले. कोणी आम्हांस रागे भरले नाही. कोणी रागे भरले असते तर बरे झाले असते, असे आम्हांस पुढे पुष्कळदा वाटले.

मिशनच्या महाविद्यालयात प्राणिशास्त्राचा अभ्यास करू लागलो तेव्हा आम्ही कोणास मारले ते आम्हांस कळले. तो हरणटोळ होता. कोणी त्यास सर्पटोळही म्हणतात. चार-पाच फूट लांब पण करंगळीएवढा सडपातळ, अंगाचा रंग कोवळ्या पानाचा, आणि तोंड पुढे निमुळते होत जाऊन अणकुचीदार झालेले. बहुतेक सापांची बाहुली गोल किंवा उभी असते. ह्याची मात्र आडवी, कुलपाच्या भोकासारखी असते. डोळ्यापासून नाकाच्या टोकापर्यंत एक खोलगट चर गेलेला असल्यामुळे त्यास दोन्ही डोळ्यांनी एकाच वेळी समोरचे पाहता येते. म्हणूनच सरडा किती अंतरावर बसला आहे ह्याचा अदमास त्यास अचूक लागतो. तो दिवसा शिकार करतो. सरडे, पाली, बेडूक, प्रसंगी लहान पाखरू, हे त्याचे अन्न. तासन् तास तो फांदीवर निश्चल राहतो. वारा आला की पानांबरोबर आपणही हलकेच डोलतो. भय वाटले म्हणजे अंग फुगवितो, तेव्हा खवल्यांच्या फटींतून काळी-पांढरी कातडी चौकटीसारखी दिसू लागते. तो अंडी घालीत नाही. मादी जिवंत पिलांस जन्म देते. आमच्या अंगणातील त्या सात पिलांचा अर्थ आम्हांस प्राणिशास्त्राच्या पुस्तकातील ह्या एका ओळीने सांगितला.

आणि विष? त्याचे विषदंत वरच्या जबड्यात मागे असतात आणि विष सौम्य असते. सरड्यास ते पुरेसे होते. मनुष्यास चावलाच तर थोडी सूज व ठणका, ह्यापलीकडे सहसा काही होत नाही. मग टाळू फोडण्याची गोष्ट आली कोठून? आमच्या मते ती त्याच्या बसण्याच्या जागेवरून आली असावी. हा साप जमिनीवर थोडा आणि झुडपांत फार. फुले खुडणाऱ्या किंवा वेल बांधणाऱ्या माणसाचे डोके नेमके त्याच्या तोंडासमोर येते, आणि ते टोकदार नाक आपल्या कपाळावरच रोखले आहे असा भास होतो. दक्षिणेकडे तर तो टाळूऐवजी डोळे फोडतो असे मानतात. त्याच्या शास्त्रीय नावातील ‘अहेटुल्ला’ हा शब्द मूळचा सिंहली, आणि त्याचा अर्थही डोळे टोचणारा असाच आहे. राजोडीपासून लंकेपर्यंत हजार मैलांत एका निरुपद्रवी जिवावर हा खोटा आळ पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे.

आता विद्यार्थ्यांनी एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. आमच्या आजीस आणि वडिलांस ह्या सापाचे खरे नाव ठाऊक नव्हते, ह्यात त्यांचा फारसा दोष नाही. कारण खुद्द शास्त्रासही ते कालपरवापर्यंत ठाऊक नव्हते. लासेपेद नामक फ्रेंच पंडिताने १७८९ साली ह्या प्रकारच्या सापास ‘नासुटा’, म्हणजे नाकाडा, असे नाव दिले. पुढे सव्वादोनशे वर्षे लंकेपासून सह्याद्रीपर्यंतच्या लांबनाक्या हिरव्या सापांस बहुतेक तेच एक नाव चालत राहिले. २०२० साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील व अन्य संशोधकांनी ह्या सापांची शरीररचना आणि जनुके ताडून पाहिली, तेव्हा एका नावाखाली अनेक निरनिराळ्या जाती दडल्या आहेत असे निष्पन्न झाले. त्या एका निबंधात दक्षिण भारताच्या द्वीपकल्पातील हरणटोळांच्या पाच नव्या जातींचे वर्णन आले. ‘नासुटा’ हे नाव आता लंकेतील सापापुरतेच उरले. आणि आमच्या उत्तर सह्याद्रीतील हिरव्या हरणटोळास ‘बोरिआलिस’, म्हणजे उत्तरेकडला, असे स्वतःचे नाव मिळाले. ही जात उत्तर सह्याद्रीचा प्रदेश सोडून जगात अन्यत्र कोठेही नाही.

नाव बदलल्याने सापाचे काय बदलले, असे कोणी विचारील. आम्ही शिक्षक आहोत, म्हणून हजेरीपटाचा दाखला देतो. समजा, एकाच नावाची पाच मुले वर्गात आहेत आणि पटावर ते नाव एकदाच लिहिले आहे. नाव पुकारले की कोणीतरी एक ‘हजर’ म्हणेल आणि शिक्षकाचे समाधान होईल. बाकीच्या चौघांपैकी एखादा महिनाभर अंथरुणास खिळला असला तरी कोणास पत्ता लागणार नाही. प्राण्यांच्या रक्षणाचेही असेच आहे. आंतरराष्ट्रीय निसर्ग-संवर्धन संघ १९६४ सालापासून धोक्यातील जीवांची एक लाल यादी ठेवीत आहे. जी जात अर्ध्या देशभर पसरली आहे ती सहसा तिच्यात ‘चिंता नको’ अशा वर्गात पडते, आणि ते योग्यच आहे. परंतु ती एक जात नसून पाच-सहा आहेत असे ठरले की प्रत्येकीचा मुलूख लहान होतो, आणि प्रत्येकीची हजेरी निराळी घ्यावी लागते. एका डोंगररांगेपुरत्या जातीचे रान गेले म्हणजे तिला दुसरे घर नसते.

आजीच्या त्याच पवित्र शास्त्रात सर्पाच्या कथेपूर्वी आणखी एक कथा आहे, ती आम्ही फार उशिरा लक्षपूर्वक वाचली. देवाने सर्व प्राणी आदामापुढे आणले, ते त्यांस ठेचण्यासाठी नव्हे, तर त्यांस नावे ठेवण्यासाठी. मनुष्याकडे प्राण्यांच्या बाबतीत सोपविलेले काम हे होते. ते अजून पुरे झालेले नाही.

ह्यावरून साप भिण्याजोगा प्राणीच नव्हे, असे आम्ही म्हणतो आहोत असा गैरसमज कोणी करून घेऊ नये. आमची शेजारीण आम्ही विसरलो नाही. आपल्या देशात २००० ते २०१९ ह्या वीस वर्षांत सर्पदंशाने दरवर्षी सरासरी ५८,००० माणसे दगावली, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यांत बहुतेक खेड्यांतील कष्टकरी लोक. परंतु हे मृत्यू प्रामुख्याने नाग, मण्यार, घोणस व फुरसे ह्या चौघांमुळे होतात. भीती ठेवावयाचीच तर ती ह्या चौघांची, आणि तीही डोळस असावी. अंधारात विजेरीवाचून चालू नये. पेंढीखाली व लाकडांच्या ढिगात उघडा हात घालू नये. जमिनीवर निजू नये. हरणटोळास मारल्याने घोणस कमी होत नाही. उलट, सर्वच साप सारखे मानणारा मनुष्य एखाद्या दिवशी घोणशीस अजगराचे पिलू समजून हात लावतो. अज्ञान दोन्हीकडून जीव घेते. कधी सापाचा, कधी आपला.

डब्यातील त्या हरणटोळास आम्ही मुलांसह शाळेच्या आवारात पुरले, आणि नोव्हेंबरात परवानगी काढून आठवीच्या मुलांस तुंगारेश्वरास नेले. महादेवाच्या देवळामुळे हे स्थान सर्वांच्या परिचयाचे आहे. श्रावणी सोमवारी व महाशिवरात्रीस तेथे मोठी गर्दी लोटते. ह्या डोंगराचे सुमारे ८५ चौरस किलोमीटर रान २००३ साली अभयारण्य म्हणून जाहीर झाले. सातिवलीच्या फाट्याशी महामार्ग ओलांडताना आम्ही मुलांस थांबवून वाहनांची रांग दाखविली. पावसाळ्यात रात्री येथे किती मुके जीव चाकांखाली येत असतील, ह्याचा विचार त्यांनी आपण होऊन केला. वर चढताना ओढ्याकाठी बांबू व कारवीची दाट झुडपे लागली. हेच हरणटोळाचे खरे घर. उन्हाळ्यात गवतास वणवा लागला की मोठी झाडे पुष्कळदा तगतात, परंतु ही झुडपे आणि त्यांतील सावकाश चालणारे जीव जळून जातात. झुडूप गेले की सरडा गेला, सरडा गेला की हरणटोळ गेला, आणि त्याच्यावर झडप घालणारा सर्पगरुडही उपाशी राहिला. वाडीतही हाच क्रम आहे. आमच्या लहानपणीची कितीतरी बावखले आज मातीने बुजून गेली आहेत, आणि त्यांच्याबरोबर बेडकांचे ते ओरडणेही गेले.

दोन तास हिंडूनही साप दिसेना. मुले कंटाळली. परतीच्या वाटेवर डबा आणणारा तो मुलगा एकाएकी थबकला आणि त्याने नुसता हात वर केला. समोर, त्याच्या डोक्याच्या उंचीवर, एका वेलीला डोळे होते. चाळीस मुले श्वास रोखून उभी राहिली. हरणटोळाने जीभ बाहेर काढली आणि ती तशीच न हलविता धरून ठेवली. मग वाऱ्याची झुळूक आली तेव्हा तो पानांसवे डोलला. कोणाची टाळू फुटली नाही. काही वेळाने तो फांदीफांदीने, पाणी वाहावे तसा, आत निघून गेला. त्या मुलाचे डोळे भरून आले होते. आम्ही त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि आमच्या अंगणातील सात पिलांची गोष्ट प्रथम त्यास एकट्यास सांगितली.

पालकांस आमची विनंती अल्प आहे. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्याने सापांस संरक्षण दिले आहे. २०२२ च्या दुरुस्तीने नाग, घोणस व धामण ह्यांस तर त्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीस, बसविले आहे. घरात साप आला तर मुलाबाळांस दूर करावे, दुरून त्याच्यावर नजर ठेवावी आणि वनखात्यास किंवा जाणत्या सर्पमित्रास बोलवावे. स्वतः पकडण्याचे धाडस कोणी करू नये. दंश झालाच तर जखम कापू नये, घट्ट बांधू नये, मंत्रतंत्रात एक क्षणही घालवू नये. चावलेला अवयव हलू न देता सरळ सरकारी रुग्णालय गाठावे. तेथे मिळणारी प्रतिविषाची एकच लस वर सांगितलेल्या चारही सापांच्या विषावर चालते. म्हणून साप मारून डॉक्टरांस दाखविण्यासाठी त्याच्या मागे धावण्याचे कारण नाही.

यंदाच्या पावसाळ्यात तो मुलगा, आता नववीत गेलेला, एके दिवशी मधल्या सुट्टीत धावत आमच्याकडे आला. त्याच्या हातांत डबा नव्हता.

“सर, काल पुन्हा पानवेलीवर आला होता. आजोबांनी काठी उचलली होती.”

“मग?” आम्ही विचारले.

“मी त्यांना त्याचे नाव सांगितले. ते म्हणाले, कशावरून? मग मी त्यांना त्याचा डोळा दाखवला, आडवा. आम्ही दोघे पुष्कळ वेळ बघत उभे राहिलो. आजोबांनी काठी खाली ठेवली, पण सर, हातात धरूनच ठेवली होती.”

आम्ही हसलो. सत्तर वर्षांची भीती एका संध्याकाळी हातातून सुटावी, अशी अपेक्षा कोणी करू नये. काठी खाली आली, एवढे पहिल्या दिवसास पुष्कळ झाले. त्या सात पिलांचे आमच्या माथ्यावरील ऋण फिटणारे नाही. परंतु त्या दुपारी ते किंचित हलके झाल्यासारखे आम्हांस वाटले.